‘92 रेटिंग’ची फिली घ्यावी का?

वाचकाचा प्रश्न

पिंपरी-चिंचवडमध्ये छोटा कारखाना चालवणारे एक वाचक लिहितात: मी, माझे मेहुणे आणि एक शाळासोबती असे तिघे मिळून पहिला रेसचा घोडा घ्यायच्या विचारात आहोत. तिघांचे मिळून 15 लाख बाजूला काढले आहेत. मेहुण्यांच्या ओळखीच्या एजंटाने दोन जनावरे सुचवली. पहिली तीन वर्षांची फिली, म्हणजे तरुण घोडी. दोनदाच धावली आहे, पहिल्या खेपेला पाचवी आली. फेब्रुवारीत महालक्ष्मी रेसकोर्सवर 1200 मीटरच्या रेसमध्ये अडीच लेंथने (एक लेंथ म्हणजे घोड्याच्या लांबीइतके अंतर) दुसरी आली. वेळ 1 मिनिट 11.6 सेकंद. रेस क्लबचे रेटिंग 28 आहे, पण एजंटाच्या तक्त्यात ‘स्पीड रेटिंग 92’ आहे. तो म्हणतो, हँडिकॅपरच्या, म्हणजे रेटिंग ठरवणाऱ्या क्लबच्या अधिकाऱ्याच्या, नजरेत ती अजून भरलेली नाही, म्हणून आत्ताच उचला. दुसरा दोन वर्षांचा कोल्ट, म्हणजे तरुण घोडा, अजून एकदाही न धावलेला. किंमत फिलीच्या दीडपट, कारण त्याचा ‘सावत्र भाऊ’ 85 रेटिंगपर्यंत गेला होता. आठवड्यात उत्तर हवे आहे. या आकड्यांवर किती भरवसा ठेवावा? त्या दिवसाच्या निकालाचे कात्रण सोबत पाठवतो आहे.

उत्तर

निकालाचे कात्रण पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. त्याआधी तुमच्या पत्रात न बोलता धरून चाललेली एक गोष्ट तपासू. 28 आणि 92 हे दोन्ही आकडे एकाच पट्टीवरचे आहेत, आणि त्यांतला एक चुकीचा आहे, असे तुम्ही मानता आहात. तसे नाही. दोन वेगळ्या बोर्डांचे गुण एकाखाली एक लिहून वजाबाकी करावी, तसा तो प्रकार होईल.

क्लबचे 28 हे हँडिकॅप रेटिंग आहे, म्हणजे घोडा जितका चांगला तितके त्याच्या पाठीवर जास्त वजन ठरवणारा आकडा. आपल्याकडे त्यातला एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो वजन. 1 ते 26 क्लास पाच, 20 ते 46 क्लास चार, 40 ते 66 क्लास तीन, 60 ते 86 क्लास दोन आणि 80 च्या वर क्लास वन. म्हणजे ही फिली क्लास चारच्या तळाशी आहे. एजंटाचे 92 याच पट्टीवर ठेवले तर ती क्लास वनची ठरेल, आणि नेमका तोच समज त्याला तुमच्या मनात हवा आहे. पण 92 कोणत्या पट्टीवरचे? अमेरिकेत रेसिंग पत्रकार अँड्र्यू बेयर यांची वेगावरून काढलेली फिगर 1992 पासून डेली रेसिंग फॉर्म या रेसच्या वृत्तपत्रात छापून येते. ती घोड्याने पाठीवर किती वजन नेले हे धरतच नाही. इंग्लंडची टाइमफॉर्म ही रेटिंग देणारी संस्था वजन आणि वय दोन्ही धरते. तिथे फ्रँकेल या घोड्याला 147 मिळाले आणि तो त्यांच्या सपाट (अडथळ्यांविना) रेसमधल्या घोड्यांचा उच्चांक आहे. दोन्ही ठिकाणी 92 चा अर्थ वेगळा, आणि आपल्या क्लास वनशी दोहोंचाही संबंध नाही. तेव्हा एजंटाला पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्या तक्त्यात गेल्या मोसमातल्या क्लास पाच, चार आणि तीनच्या विजेत्यांना किती किती आकडे आहेत? क्लास पाचचे विजेतेही तिथे 85-90 वर बसत असतील, तर 92 मध्ये विशेष काही राहत नाही. हे त्याला दहा मिनिटांत दाखवता यायला हवे. दाखवता येत नसेल, तर तक्ता बाजूला ठेवा.

आता कात्रणाकडे या. निकालात छापलेली 1:11.6 ही वेळ विजेत्याची असते, तुमच्या फिलीची नव्हे. पहिल्यांदा घोडा घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ती अडीच लेंथ मागे होती. चांगल्या टणक टर्फवर, म्हणजे गवताच्या ट्रॅकवर, एका सेकंदात साधारण सहा लेंथ पडतात, ओल्या जमिनीवर पाच. म्हणजे तिची स्वतःची वेळ सुमारे 1:12.0.

त्याच दुपारी 1200 मीटरच्या आणखी दोन रेस झाल्या. क्लास दोनची 1:10.3 मध्ये संपली, क्लास पाचची 1:12.4 मध्ये. क्लास पाचचा विजेता 56 किलो घेऊन धावला. तुमच्या फिलीच्या पाठीवर 52 होते. ती त्याच्यापेक्षा 0.4 सेकंदाने वेगवान, म्हणजे जवळजवळ अडीच लेंथ. 1200 मीटरला एक लेंथ म्हणजे साधारण 1.1 किलो असा हिशेब धरतात, म्हणून अडीच लेंथचे झाले पावणेतीन किलो. पण तिला वजन मिळाले होते 4 किलो कमी. म्हणजे तिघांच्या पैशांनी तुम्ही जिच्याकडे ‘छुपी क्लास वन’ म्हणून बघता आहात, ती त्या दुपारी, घड्याळ आणि वजन दोन्ही धरून, क्लास पाच जिंकणाऱ्या घोड्यापेक्षा किंचित मागेच होती. हँडिकॅपरने दिलेले 28 मला यात कुठे झोपेत दिलेले वाटत नाही.

ही आकडेमोड तुम्हाला प्रत्येक घोड्याबाबत स्वतः करता येते, आणि करायलाच हवी. पायऱ्या फार नाहीत. त्या दिवशी त्याच अंतरावर झालेल्या सगळ्या रेस घ्या. प्रत्येक क्लासच्या विजेत्याला त्या अंतराला साधारण किती वेळ लागतो, ते गेल्या दोन मोसमांच्या निकालांवरून काढा. सरासरीऐवजी मधला आकडा घ्या, म्हणजे एखादी विचित्र रेस हिशेब बिघडवत नाही. मग त्या दिवशीच्या रेस या मधल्या आकड्यापेक्षा किती पुढेमागे आहेत ते पाहा. सगळ्याच 0.6-0.7 सेकंदाने वेगवान असतील, तर ट्रॅक वेगवान होता, घोडे नव्हेत, आणि तेवढा वेळ प्रत्येकाला परत जोडायचा. एका दिवसात त्या अंतराच्या दोन-तीनच रेस असल्या तर हा आकडा कच्चा राहतो, हे मान्य करूनच पुढे जायचे. तीन रेसवरून काढलेला आकडा दशांशापर्यंत छापणाऱ्या तक्त्याकडे म्हणूनच जरा संशयाने पाहावे.

ट्रॅकबाबत दोन गोष्टी निकालपत्रात बारीक अक्षरात असतात आणि बहुतेकजण त्या ओलांडून जातात. पहिली पेनेट्रोमीटरचा आकडा, म्हणजे जमीन किती मऊ आहे त्याचे माप. पुण्याचा मोसम पावसाळ्यात सुरू होतो, मुंबईचा नोव्हेंबरात. जुलैतली पुण्याची वेळ आणि फेब्रुवारीतली मुंबईची वेळ शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट फॉल्स रेल. गवत जपायला ट्रॅकच्या आतल्या बाजूची रेल, म्हणजे कुंपण, काही मीटर बाहेर सरकवतात. पूर्ण अर्धवर्तुळाचे वळण असेल आणि रेल 5 मीटर बाहेर असेल, तर घोड्याला 15-16 मीटर जास्त धावावे लागते. सुरुवातीची जागा त्या मानाने हलवलेली नसेल, तर जवळजवळ एक सेकंद तिथेच जातो, म्हणजे सहा लेंथ! घड्याळावर बांधलेल्या आकड्यात हे धरले आहे की नाही, हे तक्त्याच्या मालकाला विचारा.

फिलीच्या बाजूनेही बोलायला हवे. तीन वर्षांचे जनावर फेब्रुवारीत अजून वाढीत असते. आपल्याकडे वय 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणून ‘तीन वर्षांची’ म्हटलेली फिली खरे तर 34 महिन्यांचीही असू शकते. तिची जन्मतारीख मागा. एप्रिलअखेरचा जन्म असेल आणि जानेवारीत जन्मलेल्या घोड्यांबरोबर ती धावली असेल, तर तिला आणखी उमलायला जागा आहे. टाइमफॉर्मसारखे जुने लोक तरुण घोड्याच्या आकड्यापुढे म्हणूनच एक अक्षर लावतात: छोटा ‘पी’ म्हणजे सुधारणा अपेक्षित, मोठा ‘पी’ म्हणजे बरीच सुधारणा शक्य, प्रश्नचिन्ह म्हणजे आकड्याची खात्री नाही. तरुण घोडा घेताना आकड्यापेक्षा ते अक्षर जास्त मोलाचे. तुमच्या एजंटाच्या तक्त्यात ते नाही. ते तुम्हाला व्हिडिओ बघून स्वतः लावावे लागेल.

दोन्ही रेसचे व्हिडिओ घ्या आणि मोबाइलचे स्टॉपवॉच हातात धरून बघा. शेवटच्या 400 मीटरवर घड्याळ सुरू करा. सुरुवात रेंगाळत झालेल्या रेसमध्ये एकूण वेळ खराब दिसते, पण शेवटचे 400 मीटर झपाट्याने निघतात. अशा रेसमधली फिली वेळेवरून दिसते त्यापेक्षा चांगली असू शकते. उलट, पुढचे दोन घोडे सुरुवातीलाच एकमेकांशी झुंजून दमले आणि ही मागून आयती आली असेल, तर दुसरा क्रमांक फसवा. मग वळण बघा. रेलपासून 3 मीटर बाहेरून पूर्ण वळण घेतले, तर 9 मीटर, म्हणजे चार लेंथच्या आसपास जास्त पळावे लागते. ती बाहेरून आली असेल तर अडीच लेंथचे अंतर मी तिच्या खात्यात जमा करीन. रेलला चिकटून आली असेल तर नाही. शेवटी पाहायचे ते जॉकीचे हात: तो चाबूक उचलून ढकलत होता की शेवटच्या 100 मीटरला हात शांत होते? आणि विनिंग पोस्टनंतर तिचे कान आणि चाल. पुढे झेपावत राहणारी फिली वेगळी, पोस्ट ओलांडताच गळून जाणारी वेगळी. आधीच्या, पाचव्या क्रमांकाच्या रेसचाही आकडा काढा. एजंट नेहमी सर्वोत्तम आकडा दाखवतो. दोनच आकडे असतील, तर किंमत ठरवताना खालचा आकडा वरच्याइतक्याच जोराने धरा.

सकाळच्या ट्रॅकवर्कचे (सरावाचे) आकडे तो तुम्हाला दाखवेलच: ‘इनर सँड, 600 मीटर 38 सेकंदांत, आरामात’. ते वाचायला हरकत नाही, पण त्यावर पैसे लावू नका. 38 सेकंद 50 किलोच्या रायडिंग बॉयने काढले की 65 किलोच्या, हे छापलेले नसते. वाळूचा आतला ट्रॅक आणि बाहेरचा ट्रॅक यांच्या वेळांत फरक असतो. ‘आरामात’ आणि ‘दाबून’ हे शब्द कठड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेचे आहेत.

कोल्टबाबत माझे मत जास्त कडक आहे. न धावलेल्या घोड्याला रेटिंग नसते. तुम्हाला विकले जाते ते भावाचे रेटिंग. पहिली चौकशी: हा भाऊ आईकडून आहे की बापाकडून? घोड्यांच्या व्यवहारात सावत्र भाऊ आईकडूनच मोजतात, कारण एका स्टॅलियनला एका मोसमात डझनावारी शिंगरे होतात आणि ते सगळे ‘भाऊ’ म्हटले तर अर्थच उरत नाही. बापाकडूनचे नाते असेल, तर 85 कायमचे विसरा. आईकडूनचे असेल, तर तिची सगळी शिंगरे कागदावर मांडा: किती झाली, किती धावली, किती जिंकली, प्रत्येकाचे सर्वोच्च रेटिंग किती. कॅटलॉगमध्ये मोठ्या रेसमध्ये चमकलेल्यांचीच नावे ठळक छापलेली असतात. न धावलेली, मोडलेली, शेवटी आलेली शिंगरे नजरेआड राहतात. सात शिंगरांत एक 85 चा आणि बाकी सहा 30 च्या आत, तर त्या घराण्याचा अंदाज 85 वरून बांधायचा नाही. आई स्वतः किती धावली हेही बघा. 30 रेटिंगच्या, पण 25 रेस निरोगी पायांनी धावलेल्या आईचे शिंगरू मला, तीन रेसमध्ये मोडलेल्या 70 च्या आईपेक्षा, पहिल्यांदा घोडा घेणाऱ्याच्या हाती द्यायला जास्त आवडेल.

एजंट कोल्टला तुमच्यासमोर पळवून वेळ दाखवायला तयार होईल. त्याबाबत एकच उदाहरण पुरे. फेब्रुवारी 2006 मध्ये फ्लोरिडातल्या काल्डरच्या लिलावात ‘द ग्रीन मंकी’ नावाचा दोन वर्षांचा कोल्ट विक्रीआधीच्या चाचणीत एक फर्लांग, म्हणजे 200 मीटर, 9.8 सेकंदांत धावला आणि 1 कोटी 60 लाख डॉलरना गेला. पुढे तो तीनदा धावला, एकदाही जिंकला नाही. सगळी कमाई 10,440 डॉलर. 200 मीटरची झेप आणि गेटमधून सुटून, दहा घोड्यांच्या गर्दीत, वळण घेऊन 1200 मीटर टिकणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. शिवाय दोन वर्षांच्या जनावराच्या गुडघ्यातली हाडांची वाढीची टोके अजून पुरती बंद झालेली नसतात. घाईत वेळ काढून दाखवण्यासाठी जोरात पळवलेल्या कोल्टच्या नडग्या दुखावतात, आणि ते दुखणे तुमच्या तबेल्यात आल्यावर कळते.

आता ज्या गोष्टीवर मी आकड्यांपेक्षा जास्त खर्च करायला सांगेन ती: तपासणी. पशुवैद्य तुम्ही निवडा आणि फी तुम्ही द्या. तो विक्रेत्याच्या तबेल्याचा नेहमीचा नसावा. फिलीच्या गुडघ्यांचे, फेटलॉकचे (खुराच्या वरच्या सांध्याचे) आणि मागच्या पायांच्या हॉकचे (मधल्या सांध्याचे) एक्स-रे, पुढच्या दोन्ही पायांच्या टेंडनची सोनोग्राफी, आणि गॅलपनंतर घशाची एंडोस्कोपी. जोरात धावल्यावर घशातून घरघर येणारा घोडा 1000 मीटरला निभावून नेतो, 1600 ला गुदमरतो. रक्ताचा नमुना काढून ठेवायला सांगा, म्हणजे वेदनाशामक देऊन चाल सरळ केली होती का हे नंतरही तपासता येते. तुम्ही स्वतःही एक गोष्ट करा. सकाळी, व्यायामाच्या आधी, तबेल्यात जा. मोतद्दाराला फिली धरायला सांगा, आणि तिच्या पुढच्या पायाच्या मागच्या बाजूने, गुडघ्याखालून फेटलॉकपर्यंत, तळहात हळू फिरवा. मग दुसऱ्या पायावर. टेंडन दोरीसारखा ताठ आणि दोन्हीकडे सारखाच गार लागला पाहिजे. एका बाजूला ऊब, फुगवटा किंवा बोट लागताच पाय उचलून घेणे, यांपैकी काहीही आढळले तर सोनोग्राफीशिवाय पुढे बोलू नका. मोतद्दाराशी दोन शब्द बोला. दाणा संपवते का, रात्री बसते का, रेसनंतर किती दिवस मंद होती, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

दोन्हींपैकी एकाचे नाव मला विचाराल, तर मी फिलीचे घेईन, पण 28 च्या भावात. 28 ही नवख्या मालकांसाठी वाईट जागा नाही. क्लास चारमध्ये तिला हलके वजन मिळेल. आणखी दोन पॉइंट उतरले तर क्लास पाचमध्ये भारी वजन घेऊन का होईना, पण कमकुवत घोड्यांसमोर धावता येईल. तिने सुधारणा दाखवली तर पुढे वाट मोकळी आहे. शिवाय जिंकलेल्या फिलीला, घराणे बरे असेल तर, स्टड फार्मवर दुसरे आयुष्य असते; साधारण कोल्टला ते नसते. एजंट 92 चा भाव सांगेल. त्याला वरची आकडेमोड कागदावर दाखवा आणि रेटिंग 25 ते 30 मध्ये विकल्या गेलेल्या तीन वर्षांच्या चार-पाच घोड्यांचे भाव दोन वेगळ्या ट्रेनरकडून विचारून घ्या. एजंटाची दलाली कोण देतो, तुम्ही, विक्रेता की दोघेही, हेही लेखी विचारा.

मेहुण्यांचे नाते यात आहे म्हणून हे सगळे तुम्हाला अवघड वाटत असेल. प्रश्न एकट्याने विचारू नका. तिघांच्या सह्यांचे एक पत्र करा, त्यात तपासणी आणि तक्त्याचा तपशील या दोन अटी घाला आणि ते मेहुण्यांच्या हातूनच एजंटाला द्या. मग ते तुमचे वैयक्तिक अविश्वासाचे बोलणे राहत नाही, भागीदारीची रीत होते. त्याच बैठकीत भागीदारीचाही कागद करा: घोडा कुठल्या ट्रेनरकडे, रेसचा निर्णय कोणाचा, एकाला बाहेर पडायचे झाले तर त्याचा हिस्सा कोणत्या भावाने, आणि रेसमधून निवृत्त झाल्यावर तिला कोण सांभाळणार. रेसचा घोडा सहा-सात वर्षांचा झाला की बहुधा ट्रॅकवरून उतरतो, आणि जगतो पंचवीस वर्षांपर्यंत. हा शेवटचा मुद्दा आधी ठरवलेला असेल तरच घोडा घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. मालक म्हणून क्लबची नोंदणी मंजूर व्हायलाही वेळ लागतो. तो अर्ज आजच करा.

15 लाखांतले निम्म्याहून जास्त किमतीत घालू नका. ट्रेनरकडून त्याच्या तबेल्यातल्या एखाद्या घोड्याची गेल्या तीन महिन्यांची बिले मागा: ट्रेनिंग, दाणा, नाल, औषधे, पुणे-मुंबई वाहतूक, एंट्री, जॉकीची फी. त्याला बाराने गुणा आणि तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, कारण बक्षीस मिळाले तरी त्यातून ट्रेनर आणि जॉकीचा वाटा जातो, आणि दहा घोड्यांच्या रेसमध्ये नऊ हरतात.

आठवड्याच्या मुदतीबद्दल: एक्स-रे, सोनोग्राफी आणि व्हिडिओ यांना चार दिवस पुरतात, म्हणून मुदत पाळता येण्यासारखी आहे. एजंट तपासणीलाच नकार देऊ लागला, तर मात्र मुदत संपण्याआधीच त्याला नाही म्हणून कळवा. पुण्याचा मोसम सुरू व्हायला अजून अवधी आहे, आणि त्याआधी क्लास चारच्या फिली आणखीही विक्रीला येतील.